सहा आठवड्यांची रसद

अमेरिकेतल्या यादवीबद्दल वाचणारे लोक गेटिसबर्गच्या लढाईपाशी रेंगाळतात, लिंकनच्या खुनापाशी थांबतात. मी अडकतो ते त्या सगळ्याच्या आधीच्या पाच महिन्यांत. 6 नोव्हेंबर 1860 रोजी लिंकन निवडून आला आणि 12 एप्रिल 1861 च्या पहाटे पहिला तोफगोळा सुटला. मधल्या काळात सात राज्यं देशातून बाहेर पडली. त्यांनी नवा देश काढला, नवी राज्यघटना लिहिली, अध्यक्ष निवडला, राजधानी ठरवली. एवढं सगळं झालं तरी कोणी कोणाला मारलेलं नव्हतं. देश मोडला होता आणि टपाल चालू होतं. जुन्या देशाचे टपालवाले नव्या देशात पत्रं वाटत होते, लोक जुनीच तिकिटं चिकटवत होते. मग चार्ल्स्टनच्या खाडीतल्या एका अर्धवट बांधलेल्या किल्ल्यात पीठ संपत आलं, आणि युद्ध पेटलं.

पीठ संपलं म्हणून सहा-सात लाख माणसं मेली, असं कोणी म्हणणार नाही. मीही म्हणत नाही. भांडण गुलामगिरीचं होतं आणि ते पन्नास वर्षं धुमसत होतं. पण राज्यं फुटून निघणं ही एक घटना आणि त्यातून यादवी पेटणं ही दुसरी. या दोहोंच्या मधली जागा पुस्तकांत चार पानांत उरकतात. मला ती चार पानं फार मोठी वाटतात.

सुरुवात साउथ कॅरोलायनाने केली. राज्याची परिषद आधी कोलंबिया शहरात भरली होती, पण तिथे देवीची साथ आली म्हणून सगळे चार्ल्स्टनला हलले. 20 डिसेंबर 1860 रोजी ठराव मंजूर झाला: बाजूने 169, विरोधात शून्य. पाव तासाच्या आत तिथल्या एका वर्तमानपत्राचा जादा अंक रस्त्यावर आला, त्यावर भल्यामोठ्या अक्षरांत एवढंच की, संघराज्य विसर्जित झालं. शहरात चर्चच्या घंटा वाजल्या, रात्री फटाके उडाले. जेम्स पेटिग्रू नावाचा एक म्हातारा वकील तेवढा उघडपणे वेगळं बोलत होता. साउथ कॅरोलायना प्रजासत्ताक व्हायला फार लहान आणि वेड्यांचं इस्पितळ व्हायला फार मोठं आहे, हे वाक्य त्याच्या नावावर आहे. त्याला कोणी काही केलं नाही, हेही नोंदवायला हवं. एकमत इतकं पक्कं होतं की एका विरोधकाचं कौतुक करायला परवडत होतं.

त्या 169 जणांपैकी बहुतेक सगळे गुलामांचे मालक. राज्याची लोकसंख्या सात लाखांच्या थोडी वर, आणि त्यातले चार लाख गुलाम. म्हणजे जे राज्य एकमताने फुटून निघालं त्यातल्या दर शंभरातल्या सत्तावन्न माणसांना कोणी विचारलंच नव्हतं. ‘जनतेने निर्णय घेतला’ असं फुटून निघण्याच्या प्रत्येक जाहीरनाम्यात लिहिलेलं असतं. ही जनता मोजली कशी, हे तिथे लिहीत नाहीत.

ठरावानंतर चार दिवसांनी त्यांनी कारणांचा खुलासा छापला. त्यात आडपडदा काही नाही: पळून गेलेले गुलाम उत्तरेकडची राज्यं परत पाठवत नाहीत, गुलामगिरीला पाप म्हणतात, आणि आता तिच्याविरुद्ध मत असणारा माणूस देशाचा अध्यक्ष झालाय. मिसिसिपीने तर पुढे सरळ लिहिलं की आमची भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे एकरूप आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण काही वर्षांपूर्वी चार्ल्स्टनहून बोटीने हा किल्ला बघायला गेलो तेव्हा शेजारच्या बाकावरचे एक आजोबा नातवाला समजावत होते की सगळं भांडण करांचं होतं, गुलामांचा विषय नंतर घुसडला. आजोबा प्रेमळ होते. नातू शेंगदाणे खात होता. ज्यांनी फूट पाडली त्यांनीच स्वतःच्या हाताने लिहून ठेवलेलं कारण दीडशे वर्षांनी त्यांच्याच बाजूचे लोक नाकारतात, याची मला गंमत वाटली आणि थोडी भीतीही.

खरं तर लिंकन गुलामगिरी बंद करायला निघालेला नव्हताच. जिथे आहे तिथे ती राहू दे, नव्या प्रदेशांत पसरू द्यायची नाही, एवढंच त्याचं म्हणणं होतं. मार्च 1861 मध्ये तर अमेरिकन संसदेने एक घटनादुरुस्ती दोन्ही सभागृहांत मंजूर करून टाकली होती: राज्यांतल्या गुलामगिरीला केंद्र कधीही हात लावणार नाही. लिंकनने पहिल्या भाषणात तिला हरकत नसल्याचं सांगितलं. म्हणजे उत्तरेकडची राज्यं बरीच वाकायला तयार होती. पण दक्षिणेला आजची भीती नव्हती, उद्याची होती. दर दहा वर्षांनी उत्तरेची लोकसंख्या वाढत होती, नवी राज्यं उत्तरेच्या बाजूने येत होती. लिंकनला दक्षिणेतल्या दहा राज्यांत एकही मत पडलं नव्हतं आणि तरी तो आरामात निवडून आला होता. आपल्याशिवाय हा देश चालू शकतो, हे त्या निवडणुकीने दक्षिणेच्या जमीनदारांना दाखवलं. चाळीस लाख गुलामांमध्ये त्यांचं जे भांडवल अडकलं होतं ते देशातल्या सगळ्या रेल्वे आणि कारखान्यांतल्या भांडवलाहून जास्त होतं. अशा माणसाला आश्वासन पुरत नाही, त्याला ताबा हवा असतो.

त्या वेळी गादीवर होता ब्यूकॅनन. त्याची मुदत मार्चपर्यंत. डिसेंबरात त्याने संसदेला जो संदेश दिला तो फार मासलेवाईक आहे: राज्यांना फुटून निघण्याचा हक्क नाही, आणि फुटून निघालंच तर त्यांना जबरदस्तीने अडवण्याचा हक्क केंद्रालाही नाही. सगळे त्याला हसले. पण विचार केला तर त्याने प्रश्नाची खरी अडचण प्रामाणिकपणे मांडली होती. घटनेत बाहेर पडण्याबद्दल अक्षर नव्हतं. परवानगीही नाही, मनाईही नाही. निवाडा करणारं तिसरं कोणी नव्हतं, कारण न्यायालय मानायचं तर आधी देश मानावा लागतो.

जानेवारीत मिसिसिपी, फ्लोरिडा, अलाबामा, जॉर्जिया, लुइझियाना, आणि 1 फेब्रुवारीला टेक्सास अशी रांग लागली. राज्यांनी आपापल्या हद्दीतले केंद्राचे किल्ले, शस्त्रागारं, जकातघरं ताब्यात घेतली. बहुतेक ठिकाणी एखादा म्हातारा सार्जंट चावी देऊन मोकळा झाला. न्यू ऑर्लिन्सची टाकसाळ आतल्या सोन्याचांदीसकट गेली. टेक्सासमध्ये जनरल ट्विग्सने आपल्या हाताखालचं सगळं सैन्य आणि सामान एका सहीत देऊन टाकलं. या सगळ्यात रक्त सांडलं नाही. मला वाटतं, इथेच सगळ्यांची फसगत झाली. दोन महिने रोज कुठला तरी किल्ला पडत होता आणि काहीच होत नव्हतं. मग लोकांना वाटायला लागतं की काहीच होणार नाही.

केंद्राकडे उरले दोन-चार किल्ले, आणि त्यात चार्ल्स्टनच्या खाडीच्या तोंडावरचा फोर्ट सम्टर.

हा किल्ला मूळच्या जमिनीवर नाही. खाडीत उत्तरेकडून आणलेल्या ग्रॅनाइटची भर घालून बेट केलं, त्यावर विटांच्या पाच फूट जाड भिंती. काम 1829 ला सुरू झालं आणि 1860 सालीही पूर्ण झालेलं नव्हतं. सरकारी कामाला आपल्याकडेच वेळ लागतो असं नाही. साडेसहाशे माणसांसाठी बांधलेल्या या किल्ल्याचा एक जुना उपयोग मला तिथे गेल्यावर जास्त बोचला. 1858 साली आफ्रिकेतून चोरून गुलाम आणणारं ‘एको’ नावाचं जहाज अमेरिकन आरमाराने पकडलं आणि त्यातली तीनशेच्या आसपास माणसं काही दिवस याच किल्ल्यात ठेवली. कित्येक तिथेच मेली, उरलेल्यांना जहाजाने लायबेरियाला पाठवलं. ज्या प्रश्नावर दोन वर्षांनी तोफा सुटणार होत्या तो प्रश्न आधीच हाडामांसाने त्या भिंतींच्या आत राहून गेला होता.

किल्लेदार होता मेजर रॉबर्ट अँडरसन. जन्म केंटकीचा, म्हणजे गुलामगिरी असलेल्या राज्यातला. बायको जॉर्जियाची. त्याचे वडील स्वातंत्र्ययुद्धात याच चार्ल्स्टनच्या बचावासाठी लढले होते. गुलामगिरीचं त्याला वावडं नव्हतं, पण घेतलेली शपथ मोडणं जमत नव्हतं. त्याची शिबंदी किनाऱ्यावरच्या फोर्ट मोल्ट्रीत होती, आणि तिथे मागच्या घरांच्या छपरांवरून कोणीही गोळ्या घालू शकला असता. म्हणून 26 डिसेंबरच्या संध्याकाळी त्याने ऐंशीएक शिपाई होड्यांत घातले आणि गुपचूप सम्टरमध्ये नेले. त्याच्या मते ही खबरदारी होती, जेणेकरून कोणाला हल्ल्याचा मोह होऊ नये. चार्ल्स्टनला सकाळी कळलं तेव्हा त्यांच्या मते तो विश्वासघात होता. एकाच होडीच्या फेरीचे दोन अर्थ. यापुढचे साडेतीन महिने असेच गेले.

जानेवारीत ‘स्टार ऑफ द वेस्ट’ नावाचं व्यापारी जहाज माणसं आणि धान्य घेऊन आलं. लष्करी शाळेतल्या पोरांनी किनाऱ्यावरून त्यावर तोफा डागल्या, जहाज परत फिरलं. अँडरसनने उत्तर दिलं नाही. त्याने गोळा टाकला असता तर युद्ध जानेवारीतच झालं असतं. टाकला नाही म्हणून पुढे सगळं सुरळीत झाल्याचा भास झाला: किल्ल्यातल्या शिपायांना चार्ल्स्टनच्या बाजारातून ताजं मांस आणि भाजी विकत मिळायची. रात्री त्याच गावातले लोक किल्ल्याच्या रोखाने मोर्चे बांधायचे आणि दिवसा त्याच किल्ल्यात कोबी पोचवायचे.

आपल्याकडे भावांच्या वाटण्या होतात तेव्हा शेत मोजून देता येतं, घरात भिंत घालता येते. डोकी फुटतात ती समाईक विहिरीवर. विहीर अर्धी करता येत नाही, आणि पहिल्याच पाळीला कोणी तरी मोट जुंपायची असते. सम्टर ही तशी विहीर होती. खरं तर त्या दगडविटांशी कोणाला फार देणंघेणं नव्हतं. पण अमेरिकन केंद्र सरकारचं जवळजवळ सगळं उत्पन्न तेव्हा बंदरांवरच्या जकातीतून यायचं. बंदराच्या तोंडावर कोणाचं निशाण आहे, म्हणजे जहाजं जकात कोणाला देणार, म्हणजेच देश कोणाचा. लिंकनने 4 मार्चच्या भाषणात नेमकं हेच पकडलं. मी चाल करून येणार नाही, पण केंद्राची मालमत्ता राखीन आणि जकात वसूल करीन. उत्तरेच्या कानांना हे सौम्य वाटलं. दक्षिणेने त्यात युद्ध ऐकलं.

वाटणीला बसावं तर बसता येत नव्हतं. नव्या देशाने तीन वकील वॉशिंग्टनला पाठवले होते. किल्ल्यांची किंमत देऊ, राष्ट्रीय कर्जातला आमचा वाटा उचलू, असा त्यांचा प्रस्ताव. ऐकायला समंजस. पण लिंकन त्यांना भेटायलाच तयार नव्हता, कारण त्यांना खुर्ची दिली की त्यांचा देश मान्य झाला. परराष्ट्रमंत्री सुअर्ड एका न्यायाधीशामार्फत त्यांना आडून सांगत राहिला की सम्टर लवकरच रिकामा होईल. हे सांगायचा अधिकार त्याला कोणी दिला नव्हता. पुढे किल्ला रिकामा झाला नाही तेव्हा दक्षिणेला वाटलं, आपल्याला ठरवून फसवलं.

1993 साली चेकोस्लोव्हाकियाचे दोन देश झाले तेव्हा कोणाला खरचटलंही नाही. वाटून घेण्यासारखी मालमत्ता लोकसंख्येप्रमाणे दोनास एक अशी वाटली. लोक म्हणतात, ते सुसंस्कृत होते म्हणून. मला तसं वाटत नाही. त्यांच्यात ‘वेगळं व्हायचं का’ हा प्रश्न दोन्हीकडच्या नेत्यांनी आधी मिटवला होता, म्हणून बाकीचं नुसतं गणित उरलं. त्याच्या दीड वर्ष आधी युगोस्लाव्हियातून स्लोव्हेनिया बाहेर पडला, तिथे तो प्रश्न मिटलेला नव्हता. आणि तिथली लढाई कुठे जुंपली? सरहद्दीवरच्या नाक्यांवर. जकात कोणी घ्यायची यावर. लिंकनच्या वेळचीच विहीर, फक्त रणगाड्यांसकट. पुढे क्रोएशिया आणि बोस्नियात जे झालं त्यापुढे ते दहा दिवस काहीच नव्हते.

दुसरी गोष्ट म्हणजे, समोरचा लढणार नाही याची दोन्ही बाजूंना खात्री होती. दक्षिणेत समजूत अशी की उत्तरेतले यांकी दुकानदार, पैशापुढे त्यांना काही दिसत नाही, आणि आपला कापूस बंद झाला तर इंग्लंड आठवड्यात गुडघ्यावर येईल. जेम्स चेस्नट नावाच्या माजी सिनेटरने म्हणे सांगितलं होतं की या प्रकरणात जेवढं रक्त सांडेल तेवढं मी पिऊन दाखवतो. उत्तरेत समजूत अशी की दक्षिणेतली सामान्य माणसं मनातून देशाबरोबर आहेत, थोडे दिवस गेले की या चार जमीनदारांना तीच खाली ओढतील. लिंकनने मार्चमध्ये चार्ल्स्टनमध्येच जन्मलेल्या स्टीव्हन हर्लबटला तिथे पाठवून कानोसा घेतला. उत्तर आलं की देशाविषयी आस्था उरलेली नाही, पेटिग्रू सोडून. लिंकनच्या जागी दुसरा कोणी असता तर तिथेच किल्ला सोडून देता.

पण आता रसदीचा घोळ. पदग्रहणाच्या दुसऱ्याच दिवशी त्याच्या टेबलावर अँडरसनचा अहवाल आला होता: सहा आठवडे पुरेल एवढंच अन्न उरलं आहे, आणि किल्ला लढून राखायचा तर वीस हजार माणसं लागतील. देशाचं अख्खं सैन्य तेव्हा सोळा हजारांच्या आसपास, तेही बरंचसं पश्चिमेच्या मैदानात विखुरलेलं. वयोवृद्ध सरसेनापती स्कॉट म्हणाला, सोडा. मंत्रिमंडळातले बहुतेक म्हणाले, सोडा. मार्च महिनाभर हा माणूस निर्णय घेत नव्हता असं तेव्हाची वर्तमानपत्रं लिहीत होती. मला ते खरं वाटत नाही. त्याला तिसरी वाट सापडत नव्हती. किल्ला सोडला तर फूट मान्य केल्यासारखं. सैन्य पाठवलं तर पहिला वार आपला, आणि मग व्हर्जिनियासारखी कुंपणावर बसलेली राज्यंही जाणार.

त्याने जे शोधलं ते राजकारणातल्या चतुराईचा नमुना म्हणून शिकवतात. 8 एप्रिलला त्याचा दूत साउथ कॅरोलायनाच्या गव्हर्नरपुढे उभा राहिला आणि त्याने एक चिठ्ठी वाचून दाखवली: सम्टरला फक्त धान्य पाठवत आहोत. अडवलं नाही तर आगाऊ कळवल्याशिवाय माणसं किंवा दारूगोळा आत घालणार नाही. बस. सही नाही, नव्या देशाच्या अध्यक्षाचा उल्लेख नाही. आता पेच पलीकडे गेला. उपाशी शिपायांच्या पिठावर तोफा डागायच्या, की रोज आपल्या बंदराच्या तोंडावर परक्याचं निशाण बघायचं?

कोणी याला सापळा म्हणतं. मला तो सापळा वाटत नाही, कारण सापळ्यातून सुटायची वाट ठेवलेली नसते. इथे होती. पीठ जाऊ द्यायचं. पण नव्या देशाचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस याचीही एक अडचण होती. त्याचा देश दोन महिन्यांचा. फटाके विझले होते, लोक थंडावत चालले होते, आणि सगळ्यात मोठं दक्षिणी राज्य व्हर्जिनिया बाहेरच होतं. तिथल्या परिषदेने 4 एप्रिलला फुटून निघण्याचा प्रस्ताव 88 विरुद्ध 45 मतांनी फेटाळलाही होता. काही घडलं नाही तर हा देश आपोआप विरघळेल, ही त्याची भीती खोटी नव्हती. त्याचा परराष्ट्रमंत्री टूम्ब्स स्वतः कडवा फुटीरवादी, पण तो म्हणाला असं सांगतात की हा वार म्हणजे डोंगरापासून समुद्रापर्यंत पसरलेल्या गांधीलमाश्यांच्या पोळ्यावर काठी मारणं आहे. डेव्हिसने हुकूम काढला: किल्ला मागा, नाही दिला तर पाडा.

पुढचा भाग नाटकात लिहिला असता तर परीक्षकाने कृत्रिम म्हटलं असतं. वेढा घालणारा सेनापती बोरेगार्ड हा वेस्ट पॉइंटच्या लष्करी शाळेत अँडरसनचाच विद्यार्थी. तोफा कशा लावायच्या हे त्याला अँडरसननेच शिकवलेलं. 11 एप्रिलला त्याचे दूत पांढरं निशाण लावून होडीने आले, त्यांत तो रक्त पिणारा चेस्नट होता. अँडरसनने नम्रपणे नकार दिला आणि निरोप देता देता सहज बोलून गेला की तुम्ही आम्हाला तोफांनी फोडलं नाहीत तरी थोड्या दिवसांत आम्ही उपासमारीनेच बाहेर पडू. दूत पुन्हा मध्यरात्रीनंतर आले: नक्की कधी? 15 तारखेच्या दुपारी, वरून वेगळा हुकूम किंवा रसद आली नाही तर. म्हणजे प्रश्न तीन दिवसांचा होता. पण रसदीची जहाजं समुद्रात होती, आणि ‘नाही तर’ हे दोन शब्द चेस्नटला पुरले. तिथल्या तिथे, वर न विचारता, त्याने उत्तर अमान्य केलं. पहाटे 3:20 ला लेखी कळवलं की एका तासाने तोफा सुरू होतील. साडेचारला उखळी तोफेचा पहिला गोळा किल्ल्यावर फुटला.

पहिला गोळा टाकायचा मान व्हर्जिनियाच्या रॉजर प्रायरला देऊ केला होता. हा माणूस दोनच दिवस आधी चार्ल्स्टनमध्ये सज्जावरून ओरडत होता की एक वार करा, तासाभरात व्हर्जिनिया तुमच्यात येईल. प्रत्यक्ष दोरी हातात द्यायची वेळ आली तेव्हा मागे सरला, मला नाही जमणार म्हणाला. शरणागतीच्या वाटाघाटीत याच प्रायरने किल्ल्याच्या दवाखान्यात दारू समजून औषधाची बाटली घशाखाली ओतली. शत्रूच्या डॉक्टरने त्याचं पोट धुऊन त्याला वाचवलं. युद्धाच्या पहिल्याच आठवड्यात हे घडावं!

चौतीस तास तोफा चालल्या. तीन हजारांहून जास्त गोळे. आणि एकही माणूस मेला नाही. मेला तो नंतर, 14 एप्रिलला, निशाण उतरवताना अँडरसनच्या लोकांनी सलामीच्या तोफा उडवल्या तेव्हा. एक तोफ वेळेआधी उडाली आणि डॅनियल हफ नावाचा आयर्लंडहून आलेला शिपाई जागीच ठार झाला. हा त्या युद्धातला पहिला बळी, अपघाताचा.

इथेही थांबता आलं असतं का? दुसऱ्याच दिवशी लिंकनने राज्यांकडे तीन महिन्यांसाठी 75,000 स्वयंसैनिक मागितले. उत्तरेत गल्लोगल्ली भरतीच्या रांगा लागल्या. पिठावर तोफा डागल्या होत्या ना. आणि व्हर्जिनियात 17 एप्रिलला पुन्हा मतदान झालं: आता 88 विरुद्ध 55 मतांनी बाहेर. त्यांना गुलामगिरीसाठी फुटायची घाई नव्हती, पण आपल्या भावांवर बंदूक रोखायला सांगितल्यावर त्यांनी बाजू निवडली. त्यांच्यामागून आर्कान्सा, नॉर्थ कॅरोलायना, टेनेसी. सात राज्यांचा देश कदाचित विरघळला असता. अकरा राज्यांचा देश चार वर्षं लढला. समेटासाठी जीव तोडून झटणारा केंटकीचा म्हातारा सिनेटर क्रिटेंडन, त्याचा एक मुलगा उत्तरेकडे मेजर जनरल झाला, दुसरा दक्षिणेकडे. आणि टपाल? ते मे महिन्याच्या अखेरपर्यंत चालू होतं. तोफा सुटून दीड महिना झाल्यावर उत्तरेच्या टपालखात्याच्या लक्षात आलं असावं की पलीकडे दुसरा देश आहे.

मी वऱ्हाडातला. आमच्याकडे या युद्धाची आठवण वेगळ्याच रूपात आहे आणि बहुतेकांना ती त्या युद्धाची आहे हेही माहीत नाही. दक्षिणेची बंदरं उत्तरेच्या आरमाराने अडवली, लँकेशायरच्या गिरण्या कापसाविना बंद पडल्या आणि सगळी नजर मुंबईकडे वळली. वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत प्रेमचंद रायचंदच्या शब्दावर बँका निघाल्या, समुद्र बुजवण्याच्या कंपन्यांचे शेअर वेड्यासारखे चढले. 9 एप्रिल 1865 ला तिकडे दक्षिणेचा सेनापती ली याने शरणागती पत्करली आणि इकडे उन्हाळ्यात फुगा फुटला. 1864 च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती 8,16,562 होती, 1872 मध्ये 6,44,405. पेढ्या बुडाल्या, माणसं गावाला परतली. इंग्लंडला गुडघ्यावर आणायला निघालेला कापूस वाटेत आमच्या दारावरून गेला, एवढाच आमचा संबंध.

तेवढाच नाही, खरं तर. पुण्यात जोतीराव फुल्यांनी 1873 साली आपलं एक पुस्तक गुलामगिरी मोडण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं. बोटीवरच्या आजोबांना जे पटत नव्हतं ते त्यांना हजारो मैलांवरून स्पष्ट दिसलं होतं. आणि 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधानाचा मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी या युद्धाचं थेट नाव घेतलं. भारत हा ‘राज्यांचा संघ’ आहे, तो राज्यांच्या आपसातल्या करारातून झालेला नाही आणि म्हणून कोणत्याही राज्याला बाहेर पडण्याचा हक्क नाही. हे ठरवायला अमेरिकनांना यादवी लढावी लागली, तेव्हा मसुदा समितीने ते तर्कावर आणि वादावर सोडण्यापेक्षा सुरुवातीलाच स्पष्ट केलेलं बरं मानलं. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या या माणसाने ब्यूकॅननच्या त्या हास्यास्पद संदेशातली पोकळी ओळखली होती. कलमामुळे बाहेर पडायची इच्छा मरते असं नाही. आपल्याच देशाच्या कडेकोपऱ्यांत ती मेलेली नाही, आणि ती का जागी राहते याचं उत्तर कलमात नसतं. पण निदान विहीर कोणाची हा प्रश्न तोफेवर टाकावा लागत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हेच 1869 साली सांगितलं: अविनाशी राज्यांचं अविनाशी संघराज्य. चार वर्षं लढून झाल्यावर.

फुटायला एकदा सुरुवात झाली की तळ कुठे असतो, हे मात्र कोणी सांगू शकत नाही. व्हर्जिनिया देशातून बाहेर पडला तेव्हा त्याच्याच डोंगराळ वायव्य भागातल्या प्रतिनिधींनी विरोधात मतं दिली होती. तिथे गुलाम कमी, जमीनदार कमी. त्यांनी व्हीलिंग शहरात स्वतःची परिषद भरवली आणि ते व्हर्जिनियातून बाहेर पडले. ज्या तत्त्वावर व्हर्जिनिया देश सोडत होता त्याच तत्त्वावर. व्हर्जिनियाची राजधानी रिचमंडला ते अर्थातच मान्य नव्हतं. लिंकनची पंचाईत झाली: फुटणं बेकायदा म्हणून युद्ध चालू, आणि हे फुटलेले आपल्या बाजूचे. घटनेच्या विरोधात फुटणं आणि घटनेच्या बाजूने फुटणं यात पुरेसा फरक आहे, असं त्याने लिहून ठेवलं आणि 20 जून 1863 ला वेस्ट व्हर्जिनिया हे नवं राज्य झालं.

मग त्या दोघांत वाटणीचा प्रश्न आला. युद्धाआधी व्हर्जिनियाने रस्ते, कालवे, रेल्वे यांसाठी काढलेलं कर्ज कोणी फेडायचं? वेस्ट व्हर्जिनिया म्हणे, पैसा तुमच्याकडे खर्च झाला. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. 1915 साली निकाल लागला की व्याजासकट सव्वा कोट डॉलरच्या आसपास रक्कम वेस्ट व्हर्जिनियाने द्यावी. त्यांनी रोखे काढले, हप्ते बांधले, आणि शेवटचा हप्ता 1939 साली फिटला.